बिनटोकाचे चाकू

योगेशचा फोन आला तेव्हा मी केडगावात एका गोठ्यावर सरकी पेंडीची पोती उतरवत होतो. "आण्णा, लवकर या," माझा मुलगा म्हणाला, आणि लगेच म्हणाला, "पण गाडी हळू चालवा." मी विचारलं, काय झालं.  त्यानं फोन दुसऱ्या कोणाकडे दिला, त्यानंही 'या लवकर' एवढंच म्हटलं. लवकर या आणि हळू चालवा, ही दोन वाक्यं माणूस एका दमात कधी बोलतो ते कळण्याएवढं माझं वय झालेलं आहे. उरलेली पोती टेम्पोत तशीच ठेवून मी निघालो.

वस्तीवर पोचलो तेव्हा सत्यशीलाला, माझ्या बायकोला, पारनेरच्या दवाखान्यात नेलेलं होतं. माझ्या थोरल्या भावाच्या, रामहरीदादाच्या अंगणात जनावरांचा चारा बारीक कापायचं कडबाकुट्टीचं मशीन तेवढं होतं. त्याच्या चाकात तिच्या हिरव्या साडीचा तुकडा गुंडाळलेला होता. शेजारी गीतावहिनी बसल्या होत्या. त्यांचे दोन्ही तळहात सोलले होते आणि ओठ फुटला होता. मला बघून म्हणाल्या, "भावजी, दातानं फाडत हुते मी. फाटंना."

झालं ते असं. आमच्या दोन्ही घरच्या जनावरांची कुट्टी त्या एकाच मशीनवर व्हायची. दोघी जावा मिळून करायच्या. त्या दिवशी वहिनी मका आत सारत होत्या आणि सत्यशीला खाली वाकून पाटी भरत होती. कमरेला खोचलेला पदर सुटला आणि पट्ट्यात गेला. मोटर कण्हली आणि जागच्या जागी अडकली. वहिनींनी बटण लगेच बंद केलं. बटण बंद केलं नव्हतं का, असं लोक मला नंतर पुष्कळ दिवस विचारत राहिले. केलं होतं. मशीन बंदच होतं. पण पदराचा पीळ चाकावर बसला होता आणि फास गळ्याला. चाक उलटं फिरेना. विळे सगळे कांद्याच्या रानात, मजुरांजवळ. वहिनी घरात पळाल्या आणि हाताला लागली ती विळी घेऊन आल्या. आमच्याकडे स्वयंपाकघरात विळीच असते, लाकडी पाटावर बसवलेलं पातं. भाजी विळीपाशी न्यायची असते, विळी भाजीपाशी नेता येत नाही. पाटासकट ती माणसाच्या गळ्याजवळ कशी धरणार? मग त्यांनी दात लावले.

रानातून विळा आला तोवर उशीर झाला होता. एवढीच गोष्ट आहे.

लोकांना ती एवढीच पुरत नव्हती. सत्यशीलाला घरी आणल्यावर बाया मळवट भरायला आल्या. "अहेव गेली गं बाई, सोनं झालं," असं एकीनं म्हटलं की दुसरी म्हणायची, "नशीब लागतं असल्या मरणाला." गळ्यावरचा काळा वळ दिसू नये म्हणून त्यांनी नव्या साडीचा पदर तिच्या हनुवटीपर्यंत ओढला. पुन्हा पदरच. मी ते बघत उभा होतो आणि सोनं कुठं झालं ते मला दिसत नव्हतं.

दहाव्याला प्रवचन होतं. महाराज म्हणाले, "देवानं श्वास मोजून दिलेले हायेत. एक जास्त न्हाई, एक कमी न्हाई."

मी उठून उभा राहिलो. "महाराज, एक चाकू असता तर जास्त मिळाले असते."

 दादानं माझी बाही ओढली. महाराज भले माणूस होते, रागावले नाहीत. म्हणाले, "दुःखात माणूस बोलतो." दुःख होतंच. पण मी जे बोललो ते दुःखानं बोललो नव्हतो. खरं होतं म्हणून बोललो होतो. बाही सोडवून घेतली आणि टेम्पोत जाऊन बसलो.

चाकू घ्यायचं मी तिथंच बसून ठरवलं. माझ्यासाठी नव्हे. मशीनवर मी कधी वाकत नाही, वाकतात त्या बाया. सत्यशीला दर संक्रांतीला वाण लुटायची. वाण कपाटात पडून राहील असं नसावं, रोज हाताला यावं, असं तिचं म्हणणं. वस्तीत कोणाकडेही चहा प्यायलो तरी तो तिनं दिलेल्या गाळणीतून येतो. यंदा तिच्या नावानं मी चाकू वाटणार होतो. घरात माणूस गेल्यावर वर्षभर सण करत नाहीत, पुरुष वाण देत नाहीत, आणि धारेची वस्तू तर कोणी कोणाच्या हातात देत नाही. हे तिन्ही मला माहीत होतं.

सगळ्यांनी घेतला नाही तरी एक वेळ चाललं असतं. गीतावहिनींनी घ्यायलाच हवा होता. तेराव्यानंतर ते मशीन पुन्हा सुरू झालं. जनावरं काही आपल्यासाठी थांबत नाहीत. आता त्या एकट्याच त्यावर कुट्टी करतात, त्यांच्या घरची आणि माझ्याही.

नगरला हाशिमभाईंचं हार्डवेअरचं जुनं दुकान आहे. मी टेम्पोचे नट-बोल्ट तिथूनच नेतो. म्हटलं, "घडीचा चाकू दाखवा. रोज जवळ बाळगायचा. एरवी जवळ आहे हे ध्यानातही येऊ नये, आणि लागला की हातात यावा."

त्यांनी आधी एक लांब काढला. खटकन उघडला. "हा घिऊन एसटीत बसा," ते म्हणाले, "कंडक्टर तिकीट पण मागनार न्हाई. पन पुढच्या थांब्यावर पोलीस."

मग किल्लीला अडकवायचा एक काढला. तो करंगळीच्या दोन पेरांएवढा. त्यानं पेरूसुद्धा कापला नसता. मी मधला घेतला. पँटच्या खिशात टाकला, स्टुलावर बसलो, उठलो, उकिडवा बसलो. टोचला नाही. बाहेर जाऊन टेम्पोत चढलो, उतरलो. झकास. म्हटलं, ह्याचाच एक खोका द्या.

घरी आल्यावर खोका सुनेपुढं ठेवला. ज्ञानेश्वरीनं एक चाकू उचलला, उलटासुलटा केला. "मामा, हा निवडला कसा?"

"खिशात घालून बघितला. उठून बसून बघितला."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि एकदम हसायला लागली. सत्यशीला गेल्यापासून घरात कोणी हसलेलं नव्हतं. हसता हसता तिनं तोंडावर हात ठेवला. "मामा, आमाला खिसा कुठंय?"

इतकी वर्षं संसार केला, पण हे माझ्या कधी डोक्यात आलं नव्हतं. मी म्हटलं, "मग मोबाईल कुठं ठिवता?"

"पोलक्यात. म्हून तर पोलक्यात दुसऱ्या कशाला जागा न्हाई. गाऊनला असतो खिसा, पन गाऊन घालून रानात गेले तर तुमचीच वस्ती मला नावं ठिवंल."

"कनवटीला खोचून बघ."

तिनं खोचला आणि गाईची धार काढायला बसली. बसल्या बसल्या ओरडली, "बरगडीत घुसतुय! गाय पान्हावायच्या आधी मीच हंबरंल!" मग उठून आली आणि तो उघडायला गेली. पात्याला नखानं ओढायची बारीक खाच होती. तिनं दोन्ही हात माझ्यापुढं धरले. खुरपून खुरपून नखं बोटाला लागून झिजलेली. "कशानं उघडू?"

तीन-चार दिवस तिनं त्यातला एक वेगवेगळ्या ठिकाणी ठेवून पाहिला. अखेर म्हणाली, "परकराच्या नाडीला बांधायचा. दोरी ववायला मुठीला भोक पायजे. मिटल्यावर बोटापेक्षा लांब नको, पन मूठ जाड पायजे, वल्या हातात फिरली न्हाई पायजे. आन अंगठ्यानं उघडला पायजे." मग म्हणाली, "आन मामा, कापतो का ते बघितलं का तुमी? का नुसतं उठबस करून आले?"

ते मी बघितलं नव्हतं.

सत्यशीलाच्या पेटीतून मी तिची एक साडी काढली, तिनं त्या दिवशी नेसली होती त्याच जातीच्या कापडाची. ज्ञानेश्वरी म्हणाली, "माझी न्या ना एखादी. आत्याबाईंची कशाला?" मी म्हटलं, "तुझी तू नेसतेस." साडी पिशवीत घातली आणि खोक्यासकट नगरला गेलो.

"वापस?" हाशिमभाईंनी विचारलं. "चालला न्हाई का?"

"चालतो. बाळगता येत नाही. बायांसाठी पाहिजेत."

"बायांसाठी?" ते चष्म्यावरून बघायला लागले. "एवढे? भाऊ, वस्तीत भांडनं हायेत का काय?"

काय काय पाहिजे ते मी सांगितलं. त्यांनी चार-पाच जातींचे काढून ठेवले. मी पिशवीतून साडी काढली.

"ही कुनाची?"

"मालकिणीची."

त्यांनी पुढं विचारलं नाही. नगरला आमच्याकडची बातमी कळते. ते गल्ल्यावरून उठले, साडीचं एक टोक दुकानाच्या लोखंडी खांबाला गुंडाळलं आणि दुसरं आपल्या दोन्ही हातांत धरून मागे ओढलं. पीळ पडेपर्यंत ओढलं. मी एकेक पातं लावलं. साधी पाती त्या कापडावरून नुसती घसरत होती. एक पातं निम्म्यापर्यंत जाऊन अडकलं. शेवटचं करवतीसारखे बारीक दाते असलेलं होतं. लावलं आणि ओढलं, तर हाशिमभाई मागं पडता पडता राहिले. दुकानातलं गिऱ्हाईक आमच्याकडे बघत होतं. मी त्या साडीचे आणखी चार तुकडे केले. दर वेळी एका ओढीत.

"हाच द्या," मी म्हटलं. "फक्त टोक घासून द्या. गोल करून."

"बिनटोकाचा चाकू?" ते म्हणाले. "लोक टोक बघूनच घेतात, भाऊ."

"मला गळ्याजवळ चालवायचाय."

त्यांनी मान हलवली. मागच्या ग्राइंडरवर पोराला बसवलं नाही, स्वतः बसले. एकेका चाकूचं टोक उडवून अंगठ्यानं चाचपून बघत होते. मी निघताना साडीचे तुकडे गोळा करायला लागलो तर म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, मी उचलतो." मी म्हटलं, नको. आणि उचलले.

संक्रांतीला वस्तीवरच्या बाया सुगडं घेऊन मंदिरात ओवसायला, देवाला वाण द्यायला, जातात. पुरुष त्या वेळेला तिकडं फिरकत नाहीत. मी सकाळीच जाऊन मंदिराबाहेरच्या कट्ट्यावर पेपर पसरला आणि त्यावर चाकू मांडले. प्रत्येकाला ज्ञानेश्वरीनं जाड दोरी ओवलेली. तिळगूळ नाही, हळदी-कुंकू नाही. बाजूला मी बसलो.

बाया यायला लागल्या. लांबूनच बघायच्या, एकमेकींना कोपरानं ढोसायच्या. माधुरी म्हणून आमच्या चुलत्याची नातसून आहे, जरा धीट. ती म्हणाली, "नाना, दुकान टाकलं का?"

"सत्यशीलाचं वाण आहे."

"चाकू?"

"मशीनमध्ये पदर गेला तर कापायला. गाडीच्या चाकात गेला तरी. परकराच्या नाडीला बांधायचा."

"अगं बया," मागून कोणीतरी म्हणालं, "आता नवऱ्यानं जपून बोलावं म्हना!" सगळ्या हसल्या. पण कोणी पुढं येईना. एक म्हणाली, "धारेची वस्तू हातात देत न्हाईत, नाना. वाकडं येतं."

"मी कुठं देतोय? मी ठेवलेत. तुम्ही उचला."

तरी कोणी उचलेना. तेवढ्यात राहीबाई रस्त्यानं आली. डोक्यावर घासाचा भारा. नवरा जाऊन कैक वर्षं झाली, त्यामुळं संक्रांतीला तिला कोणी बोलावत नाही आणि तीही देवळाकडं वळत नाही. आज बायांची गर्दी बघून थांबली. "काय वाटतुय रं सूर्यभान?"

मी सांगितलं.

"ह्याला हळद-कुंकू लावलंय का?"

"नाही."

"मंग मला चालतंय." भारा तिथंच खाली टाकला. चाकू उचलून अंगठ्यानं उघडला, घासाची एक काडी कापून बघितली, मिटला आणि दोरीसकट कमरेला अडकवला. मग बायांकडे वळून म्हणाली, "बघता काय? तुमचं रक्शन कुकू करत असंल, तर ऱ्हाऊ द्या हितंच." भारा उचलायला माधुरीनं तिला हात लावला, आणि परत येऊन एक चाकू उचलला. मग दुसरीनं. एक जण म्हणाली, "माझ्या आईला पन नेऊ का? तिच्याकडं बी कुट्टी हाय."

गीतावहिनी सर्वांच्या मागे उभ्या होत्या. हातात सुगड होतं. त्या पुढं येतात की नाही एवढंच मी बघत होतो. त्यांनी एक पाऊल टाकलंही.

तेवढ्यात दादा आला. त्याला कोणीतरी सांगितलं होतं. पेपरवरचे चाकू बघून तो म्हणाला, "उचल हे."

"नाही उचलत."

"साऱ्या गावाला काय सांगतुय तू? माझ्या मशीननं तुझी बायकू मारली, असंच ना?"

"दादा, मशीननं नाही मारली. कापायला काही नव्हतं म्हणून मेली."

"तिचं भरलं हुतं, सूर्यभान! भरल्यावर चाकू न्हाई आन तलवार न्हाई!"

"मग मशीनच्या पट्ट्याला जाळी बसव म्हणून मी किती वेळा म्हटलं, ती तरी कशाला बसवायची? तिचं भरलं होतं, आता वहिनींचं भरेल तेव्हा भरेल."

हे मी बायांसमोर बोलायला नको होतं, असं योगेश नंतर म्हणाला. मला तसं वाटत नाही. दादाचा चेहरा पडला. त्याचा हात वर गेला आणि तसाच खाली आला. लहानपणी आम्ही एका ताटात जेवलेलो आहोत. "चल घरी," तो वहिनींना म्हणाला, आणि वहिनी त्याच्यामागं गेल्या. मी उठलो नाही. दुपारपर्यंत बसून राहिलो. कट्ट्यावरचे बहुतेक सगळे चाकू गेले.

दुसऱ्या दिवशी कुट्टीच्या वेळेला मी दादाच्या अंगणात गेलो. तो बाहेर गेला होता. वहिनी मशीन चालू करायला निघाल्या होत्या. पदर कमरेला घट्ट खोचलेला, वर टॉवेल बांधलेला. मी चाकू गोठ्याच्या बुटक्या भिंतीवर ठेवला, त्यांचा हात पोचेल तिथं.

"देत नाही, वहिनी. ठेवतो. तुम्ही उचला."

त्या चाकूकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "भावजी, तुमाला राग येईल."

"बोला."

"तुमी म्हनता, हा असता तर ती वाचली असती. म्हंजे वाचन्यासारखी हुती. मंग मी काय करत हुते? घर वस्तूंनी भरलेलं हुतं. माळ्यावर धान्याची पोती उसवायची सुरी हुती. माझ्या ध्यानात न्हाई आली. विळी घिऊन पळत आले मी, येड्यावानी." त्यांनी आपल्या तळहातांकडे बघितलं. कातडं नवं आलं होतं, गुलाबी. "महाराज म्हनले, श्वास मोजलेले असत्यात. त्येवढ्यावर मी रातीचं डोळं मिटते. हा कमरेला बांधला तर मी काय म्हनून मिटू?"

  वहिनींनी त्या दिवशी जे केलं त्याहून जास्त कोणी केलं नसतं, एवढं मी म्हटलं. त्यांनी ऐकलं की नाही ते माहीत नाही, कारण बोलता बोलता त्यांनी बटण दाबलं होतं.

पण मी चाकू परत घेतला नाही. त्यांची झोप मोडते म्हणून मी खोटं बोलणार नाही. सत्यशीला वाचण्यासारखी होती. हे मी दहाव्याला म्हटलं, कट्ट्यावर म्हटलं, आणि कोणी विचारलं तर पुन्हा म्हणेन. दादा माझ्याशी बोलत नाही. योगेश म्हणतो, आण्णा, आता पुरे. मी आता दूरचं भाडं घेत नाही. कुट्टीच्या वेळेला वस्तीवर परत येतो, टेम्पो रस्त्याला लावतो आणि दादाच्या अंगणाच्या कडेला, मशीन दिसेल असा बसतो. दादा मला उठ म्हणत नाही. वहिनी मका सारतात, वाकतात, पाटी भरतात. शेवटची पाटी उचलून मशीन बंद झालं की मी उठून घरी जातो.

मशीनच्या पट्ट्याला अजून जाळी बसलेली नाही. चाकू भिंतीवरच आहे. वहिनींनी तो उचललेला नाही.